लॅव्हेंडर दर पावसाळ्यात का मरतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर मोकळी गच्ची आहे, ऊन भरपूर आहे. तीन वर्षांत लॅव्हेंडरची चार रोपं आणलीत. नोव्हेंबरात नर्सरीतून फुलांसकट येतात, मार्चपर्यंत बरी असतात आणि जून-जुलै आला की आठवड्याभरात करडी पडून मान टाकतात. कोकोपीट आणि गांडूळखताचं मिश्रण आहे, पाणी एक दिवसाआड. कॅलिफोर्नियात सॅन होजेला तुमच्या बहिणीच्या अंगणात मात्र कंबरेएवढी झुडपं आहेत आणि ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही विचारता की पाणी कमी पडतं की जास्त होतं, आणि महाराष्ट्रात हे झाड होतच नाही का.

आधी आत्ताच्या रोपाचं बघू, कारण ते तुमच्या लिहिण्यावरून अजून अर्धं जिवंत आहे. बुंध्याजवळच्या फांदीवर नखाने हलकं खरवडा. आत हिरवं दिसलं तर आशा आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर ती फांदी गेली. मग कुंडी आडवी करून रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा आणि एक बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर मूळ कुजलंय. अशी मुळं अर्ध्याहून जास्त असतील तर रोपावर वेळ घालवू नका. फांद्यांचे हिरवे, बिनफुलाचे शेंडे असतील तर तेवढे काढून कलमं लावा, त्याबद्दल पुढे सांगते. मुळं बरीचशी पांढरट, कडक असतील तर गोळा वर्तमानपत्रावर सावलीत दिवसभर सुकू द्या आणि नव्या मिश्रणात लावा. या क्षणी त्याला पाणी घालू नका. माती ओली असताना झाड सुकल्यासारखं दिसतं तेव्हा आपला हात आपोआप झारीकडे जातो, आणि मी पाहिलेली निम्मी लॅव्हेंडरं त्या शेवटच्या झारीने गेली आहेत. मुळं कुजल्यामुळे झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ते तहानलेलं दिसतं.

आता कारण. मी नऊ वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये द्रोम जिल्ह्यात सुगंधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत काम केलं. तिथे जायच्या आधी माझीही समजूत होती की लॅव्हेंडर म्हणजे कोरड्या, जवळजवळ वाळवंटी मुलखातलं झाड. पण वर्षाचा एकूण पाऊस मोजला, तर ओत-प्रोव्हान्सच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या लॅव्हेंडरच्या डोंगराळ मुलखाच्या, बऱ्याच गावांत आणि पुण्यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे तो साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास आहे. फरक आहे तो पाऊस कधी पडतो यात. तिथे तो शरद ऋतूत सुरू होतो, हिवाळ्यात आणि वसंतात येत राहतो, आणि जुलैत आकाश कोरडं ठणठणीत असतं. म्हणजे माती ओली असते तेव्हा ती थंड असते, आणि माती गरम असते तेव्हा ती कोरडी असते. ओलं आणि गरम या दोन गोष्टी या झाडाने एकत्र फारशा भोगलेल्याच नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नेमकं तेच असतं. पंचवीस अंशांची माती, त्यात दिवसचे दिवस न हटणारा ओलावा, आणि वर हवेतही दमटपणा.

मुळंही श्वास घेतात. माती गरम असली की त्यांना प्राणवायू जास्त लागतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा तुटतो. गुदमरलेल्या मुळांवर फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव चढतो. त्याचे बीजाणू ओल्या मातीत अक्षरशः पोहत मुळापर्यंत जातात. तुमच्या नात्यात विदर्भातले कुणी संत्रा बागायतदार असतील तर त्यांना विचारा. त्यांच्या बागेतला डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, याच कुळातल्या जिवाचा. बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही हा नियम तिथेही तोच.

लॅव्हेंडरला ‘दुष्काळ सोसणारं’ म्हणतात ते खरंच आहे, पण त्याने अंगात जी काही सोय करून ठेवली आहे ती सगळी एकाच बाजूची आहे. पान हातात घेऊन बघा. ते अरुंद, कडा खाली वळलेल्या, अंगावर करडी लव. ती लव ऊन परतवते आणि पानाजवळची हवा धरून ठेवते, म्हणून पाणी कमी उडतं. दमट हवेत तीच लव ओलावा धरून ठेवते, आणि झुडूप दाट असेल तर आतली पानं काळी पडतात. मुळं चुनखडीच्या भेगांमधून खोल जातात, तिथे त्यांना थोडं पाणी आणि भरपूर हवा मिळते. तुमच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, याच्या नेमकं उलट आहे. भरपूर पाणी, आणि पावसाळ्यात हवा जवळजवळ नाहीच.

कोकोपीटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरा घात बहुतेक वेळा इथे होतो आणि तो दिसत नाही. नर्सरीत रोप कोकोपीटच्या लहानशा गोळ्यात वाढवलेलं असतं. ते त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. हलकं असतं, वाहतुकीला सोपं, शेडनेटखाली पाणी मोजून देता येतं. आपण घरी आणून तो गोळा तसाच नव्या मातीत ठेवतो. बाहेरची माती सुकते, आपल्याला वाटतं कुंडी सुकली, आपण पाणी घालतो, आणि बरोबर बुंध्याखालचा तो गोळा स्पंजासारखा ओलाच राहतो. म्हणून नवं रोप आणलं की गोळा बादलीभर पाण्यात बुडवून, बोटांनी हळूहळू मोकळा करून, कोकोपीट जमेल तेवढं धुऊन काढा. थोडी मुळं तुटतील. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत रोप ते सहज भरून काढतं. हे काम एप्रिलमध्ये मात्र करू नका.

मिश्रण मी असं करते: दोन भाग चाळलेला मुरूम, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचा. एक भाग बांधकामाची जाड वाळू, धुऊन बारीक गाळ काढून टाकलेली. एक भाग साधी माती, आणि अख्ख्या कुंडीला मिळून एक-दोन मुठी जुनं, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. एवढंच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की यात काय उगवणार. कुंडी भरून झाली की तांब्याभर पाणी ओता. ते वर तळं करून न थांबता लगेच आत उतरून खालून बाहेर आलं पाहिजे. तळं झालं तर मुरूम वाढवा. कुंडी मातीची घ्या, दहा-बारा इंची, उथळ नको, खोल असू द्या, आणि तीन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यायची आपली पद्धत आहे, तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड थराच्या वर अडून बसतं, आणि ओलसर पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे.

सामूची, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लतेची, लोक फार काळजी करतात. खऱ्या लॅव्हेंडरला चुनखडीची, किंचित विम्ल माती आवडते हे बरोबर आहे, आणि देशावरची आपली काळी माती बहुधा विम्लच असते. पण ती भिजली की फुगते आणि तिच्यातली हवेची वाट बंद होते, म्हणून तिथे सामू जुळूनही झाड मरतं. कोकणात, गोव्यात जांभ्याची माती निचऱ्याला बरी पण आम्ल असते. तिथे मिश्रणात मूठभर शेतीचा चुना घाला. कोकणातल्या पावसात उघड्यावर लावायचा विचार मात्र सोडून द्या.

आता तुम्ही आणता ते ‘लॅव्हेंडर’ नक्की कोणतं, हे. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण निम्मं उत्तर यात आहे.

प्रोव्हान्समध्येच या नावाखाली दोन वेगळी झाडं चालतात. एक ‘खरं’ लॅव्हेंडर, लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया. ते डोंगरावरचं. ओत-प्रोव्हान्सच्या ज्या तेलाला 1981 पासून भौगोलिक नावाचा मान आहे, त्यासाठी झाड 800 मीटरच्या वर वाढलेलं असावं लागतं. दुसरं लॅव्हांडिन. खरं लॅव्हेंडर आणि खालच्या उंचीवर वाढणारं रुंद पानांचं स्पाइक लॅव्हेंडर यांचा हा संकर. मधमाशांनी डोंगरउतारावर तो आपला आपण घडवला, नंतर माणसाने कलमांनी वाढवला. ते वांझ असतं, बी धरत नाही. एकरी तेल खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त देतं, पण त्यात कापराचा वास असतो. आपण साबणात, फिनेलसारख्या वस्तूंत जो वास लॅव्हेंडरचा म्हणून ओळखतो तो बहुधा लॅव्हांडिनचा. व्हालेन्सोलच्या पठाराचे जे जांभळ्या ओळींचे फोटो आपण पाहतो, तीही बहुतांश लॅव्हांडिनचीच शेती आहे. खऱ्या लॅव्हेंडरच्या शेतात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ते मला फोटोपेक्षा फिकं वाटलं. बियांवर वाढवलेलं असेल तर प्रत्येक झाडाची छटा वेगळी, उंची वेगळी. वास मात्र असा की त्यानंतर लॅव्हांडिन नाकाला टोचतं.

खऱ्या लॅव्हेंडरच्या बहुतेक जातींना नीट फुलण्यासाठी हिवाळ्यात बरेच आठवडे पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. पुण्यात रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं ते मोजके दिवस. तुमच्याकडे फुललेलं येतं कारण फुलायची तयारी दुसरीकडे कुठे तरी, थंड जागी करून घेतलेली असते. म्हणजे पावसाळ्यात जगलं तरी ते पुढच्या वर्षी फुलेलच असं नाही. भारतात या झाडाची शेती जिथे खरोखर जमली, ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं भद्रवाह. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, डोंगरउतार आहे, आणि जम्मूच्या आयआयआयएम या, सीएसआयआर म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या, संस्थेने सुगंधी पिकांच्या मोहिमेतून शेतकऱ्यांना रोपं आणि तेल काढायची यंत्रं दिली. मक्याच्या जागी लोकांनी हे लावलं. त्या बातम्या वाचून आपल्याकडचे काही शेतकरी मला फोन करतात, की दहा गुंठ्यांत लावू का. मी त्यांना स्पष्ट नाही म्हणते. मी स्वतः फ्रान्सहून परतल्यावर वाईजवळच्या आमच्या जमिनीत खऱ्या लॅव्हेंडरची साठ रोपं उतारावर, मुरमाचे वरंबे करून लावली होती. निचरा उत्तम होता. पहिल्या पावसाळ्यात चौपन्न गेली. मुळं त्यांतल्या बऱ्याच रोपांची ठीक होती, झुडपं वरून, दमट हवेने कुजली होती. उरलेली सहा पुढच्या वर्षी फुललीच नाहीत. तेव्हा मला पटलं की जमिनीचा निचरा हा अर्धाच भाग आहे.

तुमच्या गच्चीसाठी मी दातेरी पानांचं लॅव्हेंडर सुचवेन, लॅव्हेंड्युला डेंटाटा. नर्सरीवाल्याला नाव माहीत नसेल तर पान पाहून ओळखा. कडेला बारीक, गोलसर, फणीसारखे दाते असतात. हे समुद्राजवळच्या सौम्य हवेतलं झाड, त्याला थंडीची अट नाही, दमटपणा त्यातल्या त्यात सोसतं आणि आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च टप्प्याटप्प्याने फुलतं. वासात गोडवा कमी, रोझमेरी आणि कापराची छटा जास्त. उशीत भरायला किंवा चहात घालायला हे नाही, पण गच्चीवर येता-जाता हात लागला की सुवास देतं. फुलाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या जांभळ्या पाकळ्या असलेलं जे मिळतं ते स्टीकस. त्याला चुना मानवत नाही, त्याच्या मिश्रणात चुनखडी नको. आणि बिया मागवू नका. पाकिटावर फोटो एक असतो आणि उगवतं दुसरंच, शिवाय उगवायला आठवडेच्या आठवडे लागतात.

पाण्याचं वेळापत्रक मी देणार नाही, कारण ‘एक दिवसाआड’ या शब्दांनीच तुमची रोपं गेली आहेत. कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी घातल्यावर लगेच उचला, तो जडपणा लक्षात ठेवा. मग रोज सकाळी एका बाजूने किंचित उचला. ती स्पष्टपणे हलकी झाली की पोटभर पाणी, खालून वाहीपर्यंत, आणि मग पुन्हा हलकी होईपर्यंत थेंबही नाही. थोडं-थोडं शिंपडण्याने काहीच साधत नाही. थंडीत हे आठवड्यावर जाईल. एप्रिल-मेमध्ये कुंडीत दोन-तीन दिवसांवर येईल, आणि तेव्हा पाणी पहाटेच घाला. मे महिन्यात पानांना ऊन सोसतं, पण काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भाजतात. कुंडीला सावली द्या, झाडाला नको. बाहेरून एक मोठी रिकामी कुंडी घातली तरी चालतं.

आणि पावसाळा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या वळवाची वाट न बघता, कुंडी अशा जागी हलवा जिथे डोक्यावर छप्पर आहे आणि तिन्ही बाजूंनी वारा आहे. जिन्याच्या टोपीखालची कड, पारदर्शक पत्र्याखालचा कोपरा, काहीही. घरात आणू नका, तिथे उजेड आणि वारा दोन्ही तुटतात. हलवायच्या आधी बुंध्यापासून चार बोटं उंचीपर्यंतची खालची पानं काढून टाका, मधल्या दाट फांद्यांतल्या काही मुळाशी कापा, मातीवर खडी पसरा. वारा झुडपाच्या आतून गेला पाहिजे. जून ते सप्टेंबर पाणी पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही कुंडी हलकी लागली तरच. खत अजिबात नाही. शेणखत, जीवामृत, युरिया काहीही घातलं की मऊ, पाणीदार वाढ येते आणि पहिल्या झडीत तीच कुजते.

छाटणीत एकच गोष्ट सांभाळायची. लॅव्हेंडरची जुनी, तपकिरी झालेली लाकडी फांदी कापली तर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही. गुलाब किंवा जास्वंद कापायची सवय असलेला हात इथे चुकतो. फुलांचा बहर संपला की दांडे आणि त्याखालची हिरवी वाढ कापा, पण लाकडाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर हिरवं राहू द्या. पहिल्या वर्षापासून दर वर्षी हे केलं तर झुडूप गोल आणि घट्ट राहतं. न केल्यास तिसऱ्या वर्षी मधोमध उघडं पडून फांद्या चहूकडे लोळतात. प्रोव्हान्सच्या शेतात दर उन्हाळ्यात कापणी होते, तीच त्यांची छाटणी, आणि तिथेही ओळी साधारण दहा वर्षांनी उपटून नव्याने लावतात. आपल्या गच्चीवर डेंटाटा तीन-चार वर्षं टिकलं तर चांगलं टिकलं असं मी मानते.

म्हणून दर वर्षी कलमं ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, बिनफुलाचा, वितीच्या अर्ध्या लांबीचा शेंडा, मोठ्या फांदीवरून हलक्या झटक्याने असा ओढा की मागे सालीची छोटी शेपटी येईल. खालची पानं काढा, ओलसर वाळू आणि परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खनिजाचे दाणे) निम्मं-निम्मं, त्यात खोचा, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. प्लास्टिकची पिशवी झाकू नका, बाकीच्या कलमांना लागते पण याला बुरशी येते. चार ते सहा आठवड्यांत हलकं ओढल्यावर धरून राहिलं की मुळं आली. दहा लावली की सहा-सात येतात. पावसाळ्यात आईझाड गेलं तरी सोबत दोन तरणी रोपं असली म्हणजे काम चालू राहतं.

सॅन होजेच्या बहिणीकडे काही जादू नाही. तिच्या अंगणात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मे ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नसतो. ती या झाडाच्या मूळ हवेतच राहते. तिथे कुणी उन्हाळ्यात ठिबक लावून रोज पाणी द्यायला लागलं, तर तिथलंही झाड तुमच्यासारखंच मरतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, महाराष्ट्रात लॅव्हेंडर होतं का. होतं, ताई, आपलं स्वतःचं आहे. घोडेघुई म्हणतात ती लॅव्हेंड्युला बायपिनाटा, म्हणजे लॅव्हेंडरच्याच वंशातली. दख्खनच्या खडकाळ माळावर, मुरमाड उतारावर, पाऊस ओसरला की फुलते. चिरलेली, पिसासारखी पानं, सडपातळ दांड्यावर फिकट निळी-पांढरी फुलं. ती आपल्या ऋतूंशी जुळवून बसली आहे. पावसात वाढते, उघडीप होताच फुलते, कोरड्या थंडीत बी टाकते. दुसरी लॅव्हेंड्युला गिब्सोनी, तिच्याहून उंच आणि जास्त वासाची, सह्याद्रीच्या पट्ट्यापलीकडे जगात कुठे नैसर्गिकरीत्या उगवत नाही. तिला नाव मिळालं ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचं. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं, त्याचे ते अधीक्षक होते आणि 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. ज्या शहरात तुमची चार परदेशी रोपं गेली, त्याच्याच वेशीवर हा माणूस आपल्या सह्याद्रीतली झाडं गोळा करत होता.

गिब्सोनीला हात लावू नका, मुळापासून तर मुळीच काढू नका, तिचा टापू लहान आहे. घोडेघुई मात्र नोव्हेंबरात एखाद्या टेकडीवर भेटली तर पान चुरगळून वास घ्या. फ्रेंच तेलासारखा नाही, उग्र आणि गवताळ आहे, मला तो आवडतो. जानेवारीत वाळलेल्या दांड्यांवरून चिमूटभर बी आणून मुरमाच्या कुंडीत वर-वर भुरभुरा आणि जूनच्या पहिल्या पावसात ती कुंडी उघड्यावरच ठेवा.